सेवाभावी संस्थेतील तंत्रविभाग : नेतृत्व आणि व्यवस्थापन यांचा मेळ

या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असे संपादक मंडळाने मला सांगितले, त्याच आठवड्यात विद्यालयाच्या पालक सभेत एक प्रश्न निघाला. माजी विद्यार्थ्यांनी संगणक कक्षासाठी नवी यंत्रे देण्याचा मनोदय कळविला होता आणि सभेने टाळ्या वाजवून त्याचे स्वागत केले होते. टाळ्या थांबल्यावर पानमळ्यात मजुरीला जाणारी एक माता उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मशिनी येतील, पण त्या लेकरांच्या हाताला लागतील का?" व्यासपीठावरून कोणी उत्तर दिले नाही. मीही दिले नाही. पुढे कित्येक दिवस तो प्रश्न मनातून गेला नाही, आणि लेख लिहावयास बसलो तेव्हा लक्षात आले की त्याचे उत्तर शोधण्यासाठी इतिहासाकडेच जावे लागेल.

सेवाभावी संस्थेत यंत्र आणणे आणि यंत्र चालते ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत. हे यंत्र कोणासाठी, कशासाठी, त्याने कोणाचे आयुष्य बदलावे, हे ठरविणे आणि त्यासाठी लोकांची मने व पैसा उभा करणे, याला आपण नेतृत्व म्हणू. कुलूप कधी उघडावे, बॅटरीत पाणी कोणी घालावे, बिघाड झाल्यास दुरुस्तीचा खर्च कोणाच्या सहीने व्हावा, कोणत्या इयत्तेला कोणता तास मिळावा, हे ठरविणे आणि दररोज न चुकता पार पाडणे, याला व्यवस्थापन म्हणू. व्यासपीठावर पहिल्याचा सत्कार होतो. दुसऱ्याची आठवण बहुधा काहीतरी बंद पडल्यावरच होते.

बाजारातील दुकानात संगणक बंद पडला तर गिऱ्हाईक त्याच दिवशी शेजारच्या दुकानात जाते आणि मालकाला संध्याकाळी गल्ला मोजताना नुकसान दिसते. सेवाभावी संस्थेत असा गल्ला नसतो. वसतिगृहातील मुलाला महिनाभर संगणकाला हात लावता आला नाही, तरी त्या दिवशी कोणाचेही काही बुडत नाही. मूल तक्रार करीत नाही, देणगीदार दूर मुंबई-पुण्याला असतो, आणि अहवालात 'संगणक संख्या' या रकान्यापुढे तोच आकडा कायम राहतो. नुकसान होते ते दहा वर्षांनी, त्या मुलाला नोकरीच्या परीक्षेत पडद्यासमोर बसविल्यावर. म्हणून धंद्यापेक्षा आपल्यासारख्या संस्थांत या दोन कामांचा मेळ अधिक जाणीवपूर्वक घालावा लागतो.

मी पूर्वी एका शाळेत होतो. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथील संस्थाचालक मनाने मोठे होते. खेड्यातील मुलांनी मागे राहू नये या तळमळीने त्यांनी पायपीट करून दहा संगणक मिळविले. उद्‌घाटनाला मंडप घातला, फीत कापली, भाषणे झाली. विज्ञानाच्या एका तरुण शिक्षकाने स्वखर्चाने एमएस-सीआयटी केली होती. त्याच्याकडे कक्ष सोपविला गेला. मात्र किल्ली त्याच्याकडे दिली नाही, कारण दहाही यंत्रांची नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये लिपिकाच्या नावे होती. काही फुटले-तुटले तर भरपाई आपल्या पगारातून जाईल, अशी त्या बिचाऱ्याला धास्ती होती. तो वाईट माणूस नव्हता. त्याला सांगितलेले काम एकच होते, वस्तू सांभाळणे, आणि ते त्याने चोख केले. शिक्षकाला दर तासाला किल्ली मागावी लागे. कधी लिपिक तालुक्याला गेलेला असे, कधी जेवायला. पन्नास रुपयांचा माऊस आणायचा तरी अर्ज, शेरा, मंजुरी. हळूहळू त्याने मागणे सोडले.

पुढे शालार्थची पगारबिले आणि विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंदणी आली तेव्हा दोन चांगली यंत्रे कार्यालयात गेली, आणि कोणी हरकत घेतली नाही. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या कोरड्या पडल्या. उंदरांनी वायरी कुरतडल्या. मुले मधल्या सुट्टीत खिडकीच्या काचेला नाक लावून आत झाकलेली यंत्रे पाहत. पाचव्या वर्षी निर्लेखनाचा प्रस्ताव आला व समितीवर मीही असल्याने त्या कागदावर माझी सही आहे. त्या खोलीला उत्तम नेता लाभला होता. कुलपाची व्यवस्थाही निर्दोष होती. नेत्याला आपली कल्पना रोजच्या कामात उतरवता आली नाही, लिपिकाला त्या कल्पनेचा पत्ता नव्हता, आणि ज्या एका माणसाला दोन्ही ठाऊक होते त्याच्या हाती अधिकार नव्हता.

आता इतिहासाकडे वळू. आंबेडकरी चळवळीचा पहिला 'तंत्रविभाग' कोणता, असे कोणी विचारले तर मी छापखाना व वृत्तपत्र असे उत्तर देईन. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात कागद, शाई, खिळे, छपाईयंत्र आणि टपाल हेच विचार पोहोचविण्याचे तंत्र होते. त्याला भांडवल लागे, कुशल हात लागत, वर्गणीचा हिशेब लागे. आणि ज्यांच्यासाठी ते चालवायचे त्यांच्यातील बहुसंख्यांना वाचता येत नव्हते, वर्गणी परवडत नव्हती. नफ्याचा प्रश्नच नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या तंत्राशी छत्तीस वर्षे झुंज दिली. त्यातील तीन टप्पे आपल्या विषयासाठी पाहण्यासारखे आहेत.

३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू झाले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक असल्याने संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊ केले असताही छापली नाही, हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. पत्राच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग असे. त्याच तुकोबांची पालखी दरवर्षी आपल्या निमगाव केतकीत येते, याची मला वर्गात शिकविताना नेहमी आठवण होते. पत्र सुरू झाले त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला गेले. संपादनाची धुरा पुढे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांच्याकडे आली. नेता आणि व्यवस्था यांच्यामध्ये समुद्र पडला. पत्र पोहोचावयास आठवडे लागत. मतभेद झाले, पैशाची चणचण होतीच. १९२३ मध्ये 'मूकनायक' बंद पडले. हेतूत काही उणे होते, असे कोणीही म्हणणार नाही. अग्रलेखांचे तेज आजही मावळलेले नाही. परंतु नेता दूर असताना पत्राने कसे चालावे, याची घडी बसण्यापूर्वीच नेता दूर गेला.

दुसरा टप्पा याच्या अगदी उलट. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला आणि ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' निघाले. या वेळी बाबासाहेबांनी संपादकत्व स्वतःकडे ठेवले. मागचा अनुभव पोळलेला होता, हे उघड आहे. अग्रलेख, स्फुटे, टीकाकारांना उत्तरे, असे अंकाचे रकानेच्या रकाने त्यांनी एकहाती लिहिले. सहसंपादकाला पगार देण्याइतकीही ऐपत पत्राची नव्हती. त्याच काळात ते मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते, वकिली करीत होते, डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा महाडला होते, १९२८ मध्ये शासकीय विधी महाविद्यालयात शिकवत होते आणि सायमन कमिशनपुढे साक्ष देत होते. त्यांनी वाचकांपुढे पत्राचे ऋण हे समाजाचे ऋण नाही काय, असा प्रश्नच मांडला. १५ नोव्हेंबर १९२९ नंतर 'बहिष्कृत भारत' निघाले नाही.

येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. अनेकदा आपण हा प्रसंग बाबासाहेबांच्या त्यागाचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि तो त्याग होताच. पण विद्यार्थ्यांना मी आणखी एक गोष्ट विचारतो : इतका विद्वान, इतका कष्टाळू माणूस एकट्याने एक पाक्षिक तीन वर्षेही चालवू शकला नाही, तर आपण गावच्या संस्थेत अध्यक्षांनीच सगळे पाहावे अशी अपेक्षा कोणत्या आधारावर करतो? मुले गप्प बसतात. मग एखादा धीट मुलगा म्हणतो, "सर, मग कोणी पाहायचं?" तिसऱ्या टप्प्यात त्याचे उत्तर आहे.

'बहिष्कृत भारत' चालू असतानाच, २९ जून १९२८ रोजी, समाज समता संघाचे 'समता' हे पत्र निघाले होते आणि त्याचे संपादक देवराव विष्णु नाईक होते. म्हणजे संपादनाचा हात तयार होत होता. २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता' सुरू झाले आणि देवराव नाईक त्याचे संपादक झाले. तारीख पुन्हा पाहावी. पहिली गोलमेज परिषद १२ नोव्हेंबरला लंडनमध्ये सुरू झाली होती. 'जनता'चा पहिला अंक मुंबईत निघाला तेव्हा बाबासाहेब लंडनमध्ये होते! दहा वर्षांपूर्वी नेता लंडनला गेला आणि पत्र खचत गेले. या वेळी नेता लंडनमध्ये असतानाच पत्र जन्माला आले. 'जनता' हे नाव पंचवीस वर्षे टिकले. नाईकांनंतर भास्करराव कद्रेकर, गं. नी. सहस्रबुद्धे अशा सहकाऱ्यांनी संपादनाची जबाबदारी वाहिली. चळवळीच्या स्वतःच्या भारत भूषण छापखान्याचे काम पुढे यशवंतराव तथा भैय्यासाहेब आंबेडकर पाहू लागले. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी 'जनता'चे नाव 'प्रबुद्ध भारत' झाले, ते याच सलग परंपरेत.

या काळात बाबासाहेबांनी पत्राकडे पाठ फिरविली नव्हती. धोरण त्यांचे होते, मोठ्या प्रश्नांवर लेखणी त्यांची होती, पैशाची विवंचनाही त्यांनाच होती. त्यांनी सोडले ते रोजचे काम, आणि ते सोडताना दुसऱ्याच्या नावावर केले. संपादक म्हणून नाव नाईकांचे छापले गेले. नाव ज्याचे, जबाबदारी त्याची. जबाबदारी ज्याची, निर्णयही बव्हंशी त्याचा. पुढे १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाल्यावर हीच पद्धत दिसते. मुंबईत १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय निघाले आणि ते पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. तेथील इमारती कशा असाव्यात, ग्रंथालय कसे असावे, यात बाबासाहेबांचे बारीक लक्ष होते. पण औरंगाबादच्या महाविद्यालयाचा रोजचा गाडा प्राचार्य म. भि. चिटणीसांसारख्या माणसांनी ओढला.

आपल्या वाचकांपैकी काहींना वाटेल की ही आधुनिक व्यवस्थापनशास्त्राची गोष्ट आहे. माझ्या मते ती त्याहून बरीच जुनी आहे. विनयपिटकातील महावग्गात चीवरांविषयीचे एक प्रकरण आहे. ते मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला आमची ती कुलूपबंद खोली आठवते. उपासक चीवरे घेऊन विहारात येत, पण ती स्वीकारणारा कोणी नसल्याने परत जात. म्हणून संघाने चीवर स्वीकारणारा भिक्षू नेमावा, असे तथागतांनी सांगितले. स्वीकारणारे चीवरे घेऊन तिथेच टाकून जाऊ लागले, ती हरवू लागली. म्हणून ती ठेवणारा नेमला गेला. ठेवणाऱ्यांनी ती मंडपात, झाडाखाली, ढोलीत ठेवली आणि उंदीर व वाळवीने खाल्ली. म्हणून भांडारगृह ठरविले गेले. भांडारगृहाला राखणारा नव्हता. म्हणून भांडागारिक नेमला गेला. मग भांडारात चीवरे साचून राहिली आणि भिक्षूंना मिळेनात. म्हणून ती वाटून देणारा नेमला गेला.

शेवटची पायरी पुन्हा वाचावी. आमची शाळा भांडागारिकापाशी येऊन थांबली होती. वाटून देणारा आम्ही नेमलाच नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी उंदीर, वाळवी आणि साचलेले भांडार यांचा विचार धर्मग्रंथात करावासा वाटला, हे मला फार मोलाचे वाटते. दुःखमुक्तीचा मार्ग सांगणाऱ्या शास्त्याने चीवर कोणी मोजावे हेही क्षुल्लक मानले नाही.

या नेमणुकांची रीतही पाहण्यासारखी आहे. ज्याला नेमायचे त्या भिक्षूला आधी विचारावे, मग संघापुढे प्रस्ताव मांडावा, कोणाची हरकत नसेल तर नेमणूक झाली असे जाहीर करावे. बौद्ध संघांना संसदीय कार्यपद्धती ठाऊक होती, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत आवर्जून सांगितले, ते अशाच नियमांच्या आधारे. पात्रता कोणती? जो छंद, द्वेष, मोह आणि भय यांच्यामुळे वाकड्या वाटेने जात नाही, आणि ज्याला आपले काम कळते : भांडागारिकाला काय राखले व काय राखले नाही हे कळले पाहिजे, स्वीकारणाऱ्याला काय घेतले व काय घेतले नाही हे कळले पाहिजे. यातील 'भय' हा शब्द मी अधोरेखित करतो. आमचा लिपिक भयाने वागला. पगारातून कपात होईल या भयाखाली ज्याला ठेवले, तो कुलूपच लावणार. दोष भय घालणाऱ्या व्यवस्थेचा.

आणखी एक प्रसंग दब्ब मल्लपुत्ताचा. संघाची काहीतरी सेवा करावी म्हणून त्याने निवासस्थाने नेमून देण्याचे व भोजनाची पाळी लावण्याचे काम आपणहून मागून घेतले. सुत्ते पाठ करणाऱ्यांना तो एकत्र ठेवी, विनयाची चर्चा करणाऱ्यांना एकत्र, ध्यान करणाऱ्यांना एकत्र, म्हणजे कोणाचा कोणाला त्रास होऊ नये. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी हे वाचून हसावे! पण काही भिक्षूंना निकृष्ट निवास व निकृष्ट भोजन वाट्याला आले, तेव्हा त्यांनी हे दब्बाचेच कृत्य मानून त्याच्यावर घोर खोटा आळ घेतला. संघाने रीतसर चौकशी केली, तो निर्दोष ठरला. व्यवस्था पाहणाऱ्याच्या वाट्याला हे येतेच. वाटणी करणारा सर्वांना सारखा गोड लागत नाही. अशा वेळी नेतृत्वाचे काम एकच : आळ आल्यावर चौकशी करावी, आणि चौकशी होईपर्यंत त्या माणसाला एकटे टाकू नये. आपल्या संस्थांत मात्र कुजबुज सुरू झाली की आधी त्याचा कार्यभार काढून घेतात.

महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी कोणालाही आपला वारस नेमले नाही. मी सांगितलेला धम्म आणि विनय हेच माझ्यानंतर तुमचे शास्ते, असे आनंदाला सांगितले. धम्म आणि विनय ही जोडी एकत्र उच्चारली गेली, यात आपल्या विषयाचे सार मला दिसते. दिशा आणि शिस्त, दोन्ही व्यक्तीपासून सोडवून ठेवली, म्हणून ती व्यक्तीनंतर उरली.

इतक्या जुन्या काळातून एकदम आपल्या जिल्ह्यात येतो, कारण तंत्रज्ञानाच्या सेवाभावी संस्थेचे एक उदाहरण येथेच आहे. शिरूर तालुक्यातील पाबळ हे अवर्षणप्रवण गाव. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातील नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग पत्नी मीराताईंसह तेथे गेले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत शिकणे, गावाला लागणारी कामे मुलांनी करणे आणि त्यातून विज्ञान समजून घेणे, ही त्यांची दृष्टी होती. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने तेथे फॅब लॅब उभी राहिली, संगणकावर रेखाटन करून वस्तू घडविण्याची कार्यशाळा. २००३ मध्ये डॉ. कलबाग गेले. अशा वेळी अनेक संस्थांना उतरती कळा लागते. विज्ञान आश्रमाचे काम चालू राहिले, आणि याचे एक कारण मला त्यांनी केलेल्या एका साध्या गोष्टीत दिसते. त्यांनी आपली दृष्टी अभ्यासक्रमात उतरवून ठेवली. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातून एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन यांतील प्रत्यक्ष काम करावे, ते शिकविणारे शक्यतो गावातलेच कसबी असावेत, असा तो मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय माध्यमिक शाळांत गेला. दुसऱ्या गावातील शाळेला कलबाग सरांची प्रतिभा नेता येत नव्हती. वेळापत्रक, अवजारांची यादी आणि निदेशक नेता येत होता.

वेळापत्रकात जे नाही ते संस्थेत नाही, असे मी माझ्या सहकाऱ्यांना नेहमी ऐकवतो. त्यांना ते पाठ झाले आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख नुसती व्यवस्थेची भलामण ठरेल. केवळ व्यवस्था उरली की काय होते, तेही आपण पाहतो. संगणक कक्ष वेळेवर उघडतो, वेळेवर बंद होतो, हजेरीपत्रक पूर्ण आहे. आणि आत मुले वर्षानुवर्षे तेच एक चित्र रंगविण्याचे काम करीत आहेत, कारण शिक्षकाला दुसरे काही करायला कोणी सांगितले नाही व स्वतः करून पाहण्याची मुभाही दिली नाही. आपल्या गावाला पानमळे ठाऊक आहेत. नागवेल शेवरीच्या आधाराने वर चढते, पण वर्षातून एकदा ती उतरवून तिचा खालचा भाग मातीत पुरावा लागतो, तेव्हा नवी मुळे फुटतात. उतरण न केलेला मळा म्हातारा होतो. संस्थेची रोजची व्यवस्था अशीच वर्षातून एकदा मूळ हेतूच्या मातीत आणावी लागते. त्या दिवशी यंत्रे किती हे मोजू नये. ज्यांच्या घरी संगणक नाही, मोबाइल नाही, त्या मुलांनी वर्षभरात स्वतःच्या हाताने काय केले, हे पाहावे. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर कसा होतो ते पाहायला शेतकरी जाऊन येतात, ही काही फार लांबची गोष्ट नाही. त्याच शेतकऱ्यांच्या आणि त्यांच्याकडे राबणाऱ्या मजुरांच्या मुलांना त्या तंत्राकडे केवळ कौतुकाने पाहण्यापलीकडे जाता आले पाहिजे. ही मागणी व्यवस्थापक करणार नाही, आणि त्याने करावी अशी अपेक्षाही नाही. ती नेतृत्वाने केली पाहिजे, आणि पुनःपुन्हा केली पाहिजे.

आता आपल्या कक्षाकडे. मला जे वाटते ते स्पष्ट लिहितो. समितीने ते खोडून काढावे, पण चर्चा करावी.

माजी विद्यार्थी बंधू-भगिनींनो, आपण यंत्रे द्याल यात शंका नाही. माझी विनंती अशी की दहाच्या जागी सात द्यावीत, आणि उरलेल्या तिघांचे पैसे बॅटरी, दुरुस्ती, इंटरनेट आणि निदेशकाचे मानधन यांसाठी बाजूला ठेवावेत. यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते, बॅटरीच्या पाण्यावर कोरता येत नाही, म्हणून या खर्चाला दाता मिळत नाही. 'बहिष्कृत भारत'ला सहसंपादकाचा पगार भारी पडला होता, हे आपण विसरू नये.

कक्षाची जबाबदारी एका शिक्षकाच्या नावावर असावी, त्याला आधी विचारून. त्याचे काही तास कमी करावेत. बाकी सर्व ओझे तसेच ठेवून हे वर लादणे म्हणजे त्याला हरवण्याची तयारी आहे. ठराविक मर्यादेपर्यंतचा खर्च त्याने स्वतःच्या सहीने करावा आणि महिन्याच्या शेवटी हिशेब द्यावा. किल्ली त्याच्याकडे, दुसरी वसतिगृह अधीक्षकांकडे. पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात राहू नयेत; बंद लिफाफ्यात मुख्याध्यापकांच्या कपाटात असावेत. वापरात झालेली मोडतोड कोणाच्याही पगारातून कापली जाणार नाही, असा ठराव कार्यवृत्तात लिहून घ्यावा. चोरी वेगळी, वापर वेगळा. मुलांच्या हातून किबोर्ड झिजला तर तो कारणी लागला.

कार्यालयाच्या कामासाठी वेगळे यंत्र घ्यावे. यू-डायसची माहिती भरण्याचे दिवस आले की कक्षातली यंत्रे उचलण्याचा मोह होतो. तो कितीही तातडीचा वाटला तरी आवरावा. त्या दिवसांत मुलांचा तास बुडतो आणि परत मिळत नाही.

निवासी शाळेला एक लाभ आहे, संध्याकाळ. बाहेरची मुले घरी गेल्यावरही आपली मुले येथेच असतात. संध्याकाळचा तो तास मुलींना आठवड्यातून निम्मे दिवस राखून ठेवावा. अन्यथा दारात आधी पोहोचतात ते मोठे मुलगेच, असा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. वाटून देणारा नेमायचा तो याचसाठी. आठवी-नववीच्या मुलामुलींपैकी दोघांनी पाळीपाळीने हे काम करावे. कोण आले, कोणी काय केले, काय बंद आहे, एवढे तीन रकाने वहीत भरावेत.

अध्यक्ष महोदय व विश्वस्तांचे काम याहून कमी दिसेल, पण ते अवघड आहे. महिन्यातून एकदा त्यांनी ती वही मागवावी आणि पटावरील ज्या मुलाचे नाव तिच्यात एकदाही आलेले नाही, त्याच्याविषयी विचारावे. किल्ली मागू नये. तास कसा घ्यावा हे सांगू नये. आणि त्या शिक्षकाविषयी कोणी कानात काही सांगितले, तर दब्ब मल्लपुत्ताची गोष्ट आठवावी.

यंत्रे येण्याची तारीख ठरली की त्या मातेला समितीने रीतसर कळवावे. नोंदवहीचे पहिले पान मी आखून देईन. निर्लेखनाच्या कागदावर सही केलेल्या हाताला तेवढे काम द्यावे, एवढीच विनंती.